पिनांगमध्ये बाहेरून लागलेली कडी

माझं रोजचं काम म्हणजे लोकांचं रक्त तपासणं. वर्ध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे मी. 'बाहेरचं झालंय' म्हणून एखाद्या बाईला घेऊन येतात, आम्ही हिमोग्लोबिन बघतो... आणि बहुतेक वेळा सगळं तिथंच कळतं. या कॉलममधले वाचकांचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. खोटं कशाला सांगू, हसलेही आहे. आता माझाच लिहायला बसले. माणसांची नावं बदलली आहेत, गावं खरी आहेत.

माझं माहेर पवनारचं. आई-बाबा भाजीपाला पिकवतात. लग्न झालं कारंजा (घाडगे)ला. नरेशचं तिथं हायवेला लागून कृषी केंद्र आहे... बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. (आधी त्याला 'अहो' म्हणायचे. आता नाव घेते, मुद्दाम घेते.) मी त्याची दुसरी बायको. पहिली वैशाली, ती दम्यानं गेली असं आम्हाला सांगितलं होतं. लग्नात सासूबाईंनी तिची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. दुसरी म्हणून आलेल्या बाईनं पहिलीचा टाक घालायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. बिचारी गेलेली बाई, तिचा काय राग करायचा?

फिरायला जायची कल्पना माझी. फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता – कमी बजेटमध्ये पिनांग. मलेशियातलं बेट. जॉर्जटाउनच्या जुन्या गल्ल्या, रस्त्यावरच प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून खाणारी माणसं. व्हिसाची कटकट नाही. सेवाग्रामहून रेल्वेनं चेन्नई, तिथून स्वस्तातलं विमान क्वालालंपूरपर्यंत, पुढे बस. मी जेवताना विषय काढला, तर नरेश ताट सरकवून उठलाच.

"तिथंच काऊन? सिमल्याले जाऊ."

"अहो, पण हे स्वस्तात होते."

"तुले हे नाव कोनं सांगितलं?"

"फोननं," मी हसून म्हटलं. तो नाही हसला.

सासूबाईच मध्ये पडल्या. "जाय नं बापा, नवी सून हाय, हौस असते तिले." त्यांच्यासमोर त्याला नाही म्हणायला कारण सापडेना. निघायच्या दिवशी एवढंच म्हणाला, "तो टाक काढून ठेव. एअरपोर्टवर मशीन वाजते." मी नाही काढला. कुर्त्याच्या आत राहू दिला.

जॉर्जटाउनला आम्ही एका जुन्या चिनी घराच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरलो. खाली लांबलचक अंगण, लाकडी जिना, वर चार-पाच खोल्या. मालकीण साठीची, सगळे तिला लिम आंटी म्हणत. तुटक इंग्रजी बोलायची. पहिल्या सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथली रोटी चनाई म्हणजे आपला पराठाच, सोबत वरणासारखी पातळ डाळ. चहावाला एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून चहा ओतत होता. मी बघतच राहिले.

माझ्यासमोर रोटी आली, चहा आला. नरेशसमोर काहीच नाही.

"मले काऊन नाई देऊन राह्यला हा?"

मी हॉटेलच्या पोऱ्याला परत सांगितलं. त्यानं मान हलवली, गेला, आणि माझ्यासाठीच आणखी एक चहा घेऊन आला. तो मी नरेशकडे सरकवला, तर पोऱ्यानं तो कप उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवला. रागानं नव्हे. जणू त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

गैरसमज असेल म्हटलं. पण दुपारी बसमध्ये मी चढले आणि ड्रायव्हरनं नरेशच्या तोंडावर दार लावलं. मी काच वाजवली तेव्हा उघडलं. संध्याकाळी समुद्राजवळ खाण्याच्या गाड्या लागतात तिथं गेलो. एक म्हातारा मोठ्या कढईत नूडल्स परतत होता. नरेश पुढे झाला तसा त्यानं गॅस बंद केला आणि शेतातले कावळे हाकलावे तसा हात हलवला. शेजारच्या गाडीवरची बाई मला मात्र बोलावून, खुर्ची पुसून बसवत होती. माझ्या ताटात तिनं दोनदा वाढलं.

"हे लोक येडे हायेत काय?" नरेश म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता. मी माझं ताट पुढे केलं, त्यानं हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तमिळ लोकांच्या गल्लीत एक फुलवाली दिसली. मी गजरा मागितला. तिनं दोन दिले.

"एकच," मी बोट दाखवून म्हटलं.

"वन यू. वन अक्का."

"माझ्यासोबत अक्का नाही."

तिनं हनुवटीनं माझ्या खांद्यामागे दाखवलं. मी वळले. मागे नुसता रस्ता, ऊन, एक सायकलरिक्षा. मग ती नरेशकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शब्द नाही समजले, पण कोणी कोणाला असं बोलतं तेव्हा त्याला शिवी म्हणतात एवढं कळतं. नरेश भराभरा चालत सुटला. मी धावत गाठलं आणि सरळ विचारलं, "काय झालं? तुम्ही इथं आधी आले होते काय?"

"कोनीच नाई आलं इथं!" तो ओरडला. "येऊ देलं नाई म्हन्तो नं!"

कोणाला येऊ दिलं नाही, ते त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी जेवलाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो झोपलेला असताना मी खाली टोस्ट आणायला गेले. दार नुसतं लोटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. परत आले तर वरून धडाधडा आवाज. आमच्या खोलीचं दार हादरत होतं आणि त्याला बाहेरून कडी लागलेली होती. जुन्या दारांना असते तशी लोखंडी आडवी कडी. आतून नरेश ओरडत होता, आणि तो मला हाक मारत नव्हता.

"वैशाली! कडी काढ नं वं! वैशाली, माहा जीव चाल्ला..."

लिम आंटी जिन्याच्या खाली उभी होती. मी विचारलं, कडी कोणी लावली?

"तुझ्या बहिणीनं," ती शांतपणे म्हणाली. "मला म्हणाली, राहू दे त्याला थोडा वेळ."

मला बहीण नाही. वर जाऊन मी कडीला हात लावला. ढिली होती, एका बोटानं सरकली असती. आतून श्वास ओढल्याचा आवाज येत होता, दम्याच्या पेशंटला येतो तसा शिट्टीसारखा. नरेशला दमा नाही. त्याचे सगळे रिपोर्ट मीच केलेत. मी हात काढून घेतला.

"वैशालीताईचं काय केलं होतं तुम्ही?"

"उघड आधी..."

"आधी सांगा."

मग त्यानं दाराशी बसून सांगितलं, अडकत, खोकत. वैशालीनं दोन मैत्रिणींसोबत फिरायला जायचं ठरवलं होतं. पिनांगलाच. ह्याला बायकोनं एकटीनं जाणं मान्य नव्हतं. निघायच्या सकाळी सासूबाई लग्नाला गेल्या होत्या. ह्यानं तिला घरामागच्या फवारणीच्या औषधांच्या गोदामात कोंडलं, गाडीची वेळ टळेपर्यंत. तिचा दम्याचा पंप बॅगेत, बॅग बाहेरच्या खोलीत. ती दार वाजवत होती. हा दुकानात जाऊन बसला.

"आवाज बंद झाला तवा मले वाटलं, आता आयकलं तिनं..."

मी कडी काढली. दया आली म्हणून नाही. पुढचं ऐकवत नव्हतं म्हणून.

परतीच्या विमानात मी त्याच्यापासून वेगळ्या रांगेत बसले. सेवाग्रामला उतरून सरळ पवनारला गेले. आईला सगळं सांगितलं, आणि सेलूला वैशालीच्या आईकडे गेले. काकू एकट्या राहतात. त्यांनी ऐकून घेतलं, रडल्या नाहीत. तक्रार द्यायची म्हणाल्या. दिली. ठाणेदार भले होते, पण म्हणाले, बाई, दाराआडून बोललेल्या शब्दावर काय होणार? जुनी गोष्ट, अग्नी दिलेला... मलाही वाटलं, सुटला हा.

मग सासूबाईंचा फोन आला. "सूनबाई, त्याले कोन कोंडते वं?" कारंजाच्या घरात नरेश ज्या खोलीत जाईल तिची कडी बाहेरून लागत होती. न्हाणीघर, दुकानाची मागची खोली, सगळीकडे. त्यांनी सुताराला बोलावून घरातल्या साऱ्या कड्या काढवल्या. दारांना नुसती भोकं राहिली. तरी दारं उघडेनात. शेवटी तो अंगणात राहायला लागला, आणि एका दुपारी स्वतःच चालत ठाण्यात गेला. सगळं सांगितलं, गोदाम दाखवलं, पंप कुठं फेकला तेही सांगितलं. त्याला वाटलं असेल, बोललं की सुटका होईल.

त्याला कोठडीत टाकलं.

जबाब द्यायला गेले तेव्हा तो गजांना धरून शिपायाला विनवत होता. "साहेब, नुसतं उघडं ठेवा. मी पळत नाई. आईची शप्पथ, पळत नाई." मी उभी राहून बघून घेतलं. नीट, पोटभर. केस चालू आहे.

वैशालीच्या मैत्रिणींचं बुकिंग त्याच गेस्ट हाऊसमध्ये होतं का, हे मी त्या दोघींना विचारलं. नाही, दुसरीकडे होतं. मला पिनांगचा व्हिडिओच का दिसला, हॉटेलच्या पोऱ्याला कोणी सांगितलं, गजऱ्यावालीला कोण दिसलं... मी पुष्कळ डोकं लावलं. लॅबमध्ये रिपोर्टवर 'कारण अज्ञात' असं लिहिलं की माझे मोठे सर रागावतात. इथं तेच लिहावं लागतंय.

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. मी म्हटलं, काकू, मला अजूनही यातलं काही समजलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तिथल्या बाईले एक इचारशील? वैशूले दम लागत होता काय?"

मी तिथूनच लिम आंटीला व्हिडिओ कॉल लावला. तिला आधी प्रश्नच कळेना. मग हसायला लागली. म्हणाली, छे, ती तर दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेली. मीच ओरडले, हळू, पडशील.

मी मराठीत सांगितलं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मंग त्याले आतच राहू द्या."