चुकून भरलेली ओटी

धामणगाव बढ्याला नणंदेचं डोहाळजेवण होतं. तिथं एका म्हातारीनं नणंद सोडून काजलचीच ओटी भरली. पोट पाहून फसली बिचारी. बाया खदखदल्या, काजलही हसली. पण दोन लेकींनंतर सुटलेलं ते पोट दाखवायला आठवड्याभरात नवऱ्यासोबत बुलढाण्याला गेली.

डॉक्टरीणबाईंनी काजलला तपासून सांगितलं, "लायपोसक्शननं नुसती चरबी निघेल, लोंबणारी कातडी तशीच राहील. टमी टकमध्ये ती कापून आतले स्नायू शिवता येतात. पण पुन्हा दिवस गेले तर पोट परत सैल पडू शकतं. आणखी मूल हवंय तुम्हाला?"

नवरा म्हणाला, "घरी आईले इचारून सांगतो."

"त्यायनं मले इचारलं," काजल म्हणाली. "मले नाही पाह्यजे. शिवून टाका."