सांध्यात गूळ

आमचं घर झरीला, एकत्र. मधली खोली तेवढी मोठी. टीव्ही तिथंच, पाव्हणे तिथंच, आणि बारावीला बसलेली माझी पोरगी पण तिथंच. तिनं पुस्तक उघडलं की हाक आलीच म्हणून समजा. पाणी आण, चहा ठेव, माझा चष्मा बघ गं! मी किती दिवस म्हणायलेय, हिला कडीचं एक दार द्या. सासरे म्हणायचे, "पोरीच्या जातीला कडी कशाला?" असा संताप यायचा, पण गिळायचे.

शेवटी नवऱ्यानं ऐकलं. तो छताची, जिप्सम बोर्डाची कामं करतो. त्यानं मधल्या खोलीत बोर्डाची भिंत उभी केली, दार बसवलं, आणि बोर्डांमधले सांधे भरायचं माझ्यावर टाकून सोनपेठच्या कामावर गेला. मला येतं ते, त्याच्यासोबत लय केलंय. बादलीत आधी पाणी, मग सांधे भरायची पावडर, आणि मसाला कालवायला ड्रिलला पाकळ्यांचा रॉड लावून दमानं फिरवायचं. बादली आणि रॉड स्वच्छ पाहिजेत, एवढंच.

सकाळी धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, बादलीत पाणी भरून ठेवलंय." मला आपलं बरं वाटलं. पाणी गढूळ होतं, पण आमच्या बोअरला कधी नितळ आलंय? मसाला कालवला, सांध्यांवर जाळीची टेप लावली, लोखंडी पत्तीनं मसाला सारखा केला.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, सांध्यावरून मुंग्यांची रांग! बोट लावलं, आत चिकट. नाक जवळ नेलं तर शेणाचा वास.

डोकंच फिरलं माझं. दिराला गाठलं. तर तो हसतोय! "अहो वहिनी, तुमचा रॉड शेतात टाकायचं जीवामृत ढवळायला नेला होता. शेण, गूळ, बेसन, गोमूत्र, काठीनं ढवळून हात मोडायलेत. ह्यानं चुटकीसरशी झालं. बादली पण तुमचीच घेतली."

"धुतली का?"

"पाण्यात बुचकळली की."

सासरे खाटेवरून म्हणाले, "गूळ-शेणच हाय, भिंत पवित्र झाली." सगळे खो खो हसले. वर सासरेच म्हणतात, "राहू दे आता ते दार. परीक्षा झाल्यावर बघू."

"परीक्षा झाल्यावर त्या खोलीत काय कांदे भरायचेत?" मी ओरडलेच. सासऱ्यांपुढं आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. पोरगी दारात उभी होती, रडकुंडीला आलेली. तिचं तोंड बघून मी आणखीच पेटले. पत्तीनं सगळे सांधे खरवडून काढले, टेप ओढून फेकली, बादली राखेनं घासली. आणि ऐन मालिकेच्या वेळेला, टीव्हीच्या पुढ्यात बसून नवा मसाला कालवायला ड्रिल सुरू केलं. पावडर उडाली, सगळे शिंकत अंगणात पळाले. मी थांबले न्हाई. मेले तरी थांबले नसते!

सांधे पुन्हा भरले, भिंत वाळली. पोरगी पुस्तकं घेऊन आत गेली, कडी लावली. थोड्या वेळानं दिरानं सवयीनं हाक मारली, "पाणी आण गं!"

दार उघडलं न्हाई. आतून आवाज आला, "अभ्यास करायलेय काका. माठ तुमच्या शेजारीच हाय."

दिरानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापत राहिले. मग तो उठला, आणि हातात तांब्या घेऊन विचारायला लागला, "वहिनी, माठातलं पाणी कशानं काढतेत?"