इंदूरला गेलेला कागद

आमच्या दफ्तरात किस्से आपोआप साचतात. संस्थान विलीन झालं आणि नव्या राज्याचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला बसायला लागलं. दर खेपेला सगळं ट्रकमध्ये भरायचं, आणि दर खेपेला काहीतरी चुकणारच! मी ग्वाल्हेरच्या दफ्तरात चपराशी. चौथीत शाळा सोडली. गाठी मात्र पक्क्या मारतो. ताई गेली त्याला पाच महिने झाले. घरी बसवत नाही, म्हणून बोलत सुटतो.

*

पहिल्याच वर्षी साहेबांची खुर्ची इंदूरला गेली आणि साहेब इथेच राहिले. चार दिवस उभ्याने सह्या! आमचे जमादार जाधवकाका म्हणाले, "राज्य गेलं तेव्हाही कुणी एवढं उभं राहिलं नव्हतं!"

*

काका जुन्या फौजेतले. नवे मंत्री येणार म्हणून खोतबाबू कारकुनांनी बजावलं, "काका, मुजरा बंद. आता फक्त नमस्ते." काकांनी तीनदा वाकून मुजरा केला आणि वर म्हणाले, "नमस्ते, सरकार!"

मंत्रीही घाबरून वाकले.

*

ताई बिर्लानगरला मिलच्या लाइनीत राहायची. भावजी बाहेरगावी गेलेले, म्हणून त्या दिवशी मी तिच्याकडे होतो. सातव्या महिन्यातच तिला कळा आल्या. सुईण पोचायच्या आत मूल झालं, ते मेलेलंच. एवढ्याशा जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. मी कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. उचललं, नाल्याकाठी खड्डा खणला, पुरलं.

कुणीतरी चुगली केली. दारोगा आला. म्हणे, बाईने औषध घेऊन मूल पाडलं आणि गुपचूप पुरलं! मी तेव्हा दफ्तरात गठ्ठे बांधत होतो.

"क्या खाया था?"

"पोटात दुखत होतं म्हणून ओव्याचं पाणी घेतलं," ताई म्हणाली.

ओव्याचा डबा जप्त!

*

ताई मला म्हणाली, "मी सगळं सांगितलंय. तू मध्ये पडू नकोस, नोकरी जाईल."

मी ऐकतो होय? तडक ठाण्यात गेलो. "खड्डा मी खणला, लिहून घ्या!"

मुन्शी म्हणाला, "फाइल राय के लिए ऊपर गई है. आएगी, तब लिखेंगे."

वर म्हणजे आमचंच दफ्तर! पळत परत आलो. खोतबाबूंनी चष्मा काढला. "ती कालच्या ट्रकमध्ये इंदूरला गेली. गाठ तूच मारलीस ना, बाळू?"

*

ताईला दर सोमवारी ठाण्यात हजेरी. अंगावरून जाणं थांबलेलं नव्हतं, तरी दुपारपर्यंत उभी.

"अगं, बसायला नाही का सांगत कुणी?"

"खुर्ची इंदूरला गेली असेल रे!" म्हणाली आणि हसली.

पुढच्या सोमवारी ताप अंगात घेऊन गेली. त्याच्या पुढचा सोमवार तिला दिसला नाही.

*

परवा ट्रक परत आला. गाठ इंदूरवाल्यांनी मारलेली, माझ्यासारखीच पक्की; मला सुटेना, दातांनी तोडली. खोतबाबूंनी कागद वाचून दाखवला. ताईचा जबाब होता: "खड्डा मी एकटीने खणला. माझा भाऊ त्या दिवशी आलाच नव्हता."

खाली लाल शाईत इंदूरच्या साहेबांचा शेरा होता. खोतबाबू कागद मिटायला लागले. काका म्हणाले, "वाचा."

"बाळंत झाल्या दिवशी एवढा खड्डा खणते, त्याअर्थी बाई धडधाकट आहे. जातीने हजर करावी."