मंचेरियलहून आलेल्या केबली

कॉम्प्युटरचं झाकण लागेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी जुन्या गावनकाशांवरून कॉम्प्युटरवर नवे नकाशे काढायचं काम करते. काम कंत्राटी आहे. काही दिवस तेलंगणातल्या आदिलाबादला घरी बसून, काही दिवस नेरडीगोंड्याला तहसील कचेरीत. लॅपटॉप उन्हाळ्यात इतका तापायचा की एक बांध ओढून दुसरा उमटायची वाट बघत बसावं लागे. म्हणून बुटाच्या खोक्याएवढा, पिशवीत मावेल असा कॉम्प्युटर स्वतः जोडायचं ठरवलं. नागपूरला माझा मामेभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सुटे भाग त्यानंच निवडून दिले. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन प्रत्येक भागाला झेपेल तेवढीच पुढे देणारी लोखंडी पेटी, ती तर त्यानं स्वतःच्या दुकानातली दिली. "जवळजवळ नवीच हाये ताई," तो म्हणाला. तिच्या केबली एका पिशवीत घालून सोबत दिल्या.

केबली मोठ्या कॉम्प्युटरच्या मापाच्या, हातभर लांब. माझ्या डब्यात त्या गुंडाळून कोंबल्या तर पंख्याला अडायच्या, दाबून धरल्या तर झाकण फुगायचं. दोन दिवस झटून मी हात टेकले. मग लहान कॉम्प्युटर जोडणाऱ्या लोकांच्या एका ऑनलाइन गटात विचारलं. कुणीतरी लिहिलं, मापाच्या केबली बनवून घ्या, मंचेरियलला एक बाई बनवतात.

मी बाबांना सांगितलं. ते वऱ्हांड्यात चष्मा पुसत बसले होते.

"मंचेरियलात कोळसा भेटते," ते म्हणाले. "कॉम्प्युटरच्या वायरी काऊन भेटतीन?"

बाबा वीज खात्यात लाईनमन होते, शेवटी इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. संशय हा त्यांच्या स्वभावाचा भाग नव्हे, तो त्यांच्या नोकरीचा भाग. तरुणपणी उटनूरकडे एका खांबावर चढले असताना खालून सोबत्यानं ओरडून सांगितलं होतं, लाईन बंद हाये. बाबांनी तरी टेस्टर लावला, तर त्याचा दिवा पेटला. सोबती खोटं बोलत नव्हता. त्याला दुसऱ्या कुणीतरी तसं सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा कुणी "बंद हाये" म्हटलं की त्याच्या तोंडाकडे न बघता तारेकडे बघतात.

त्या बाईंना मी हिंदीत मेसेज केला. प्रोफाइलला चेहरा नव्हता, नुसत्या केबलींचे फोटो. उत्तर आलं, पण किती पैसे लागतील, कधी मिळतील यातलं काही नाही. उलट प्रश्नच. सप्लायच्या लेबलचा फोटो भेजो. जिथे केबल बसते त्या बाजूचा फोटो भेजो. जुन्या केबलींच्या दोन्ही टोकांचा भेजो, खाच वर ठेवून. डब्यात सुतळी टाका, केबल जाईल तशी वळवा, मग सुतळी सरळ करून मोजा.

मी फोन लावला तर उचलला नाही. मेसेज आला, "फोन पे नाप गलत सुनाई देता है. लिख के भेजो."

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. "फोन उचलत नाही. नाव सांगत नाही. आपल्यालेच इचारून राह्यली सारं."

मलाही ते खटकलं होतं. पण सुतळी मात्र आम्ही टाकली. बाबांनीच टाकली. मुख्य बोर्डाची केबल अठरा सेंटिमीटर भरली, सगळं काम जिच्यात साठतं त्या डिस्कची चोवीस. बाबा म्हणाले, दोन बोटं जास्त सांग, तार ताणून बसली की सांध्यात सुटते. मी सांगितलं. उत्तर आलं, "दो उंगली मैंने पहले से पकड़ी है." त्यावर बाबा "हं" म्हणाले. आवाजात थोडा आदर होता, पण त्यांनी तो लगेच आवरला.

मी फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक करत असताना मेसेज वाजला.

"डिस्क वाली केबल इस सप्लाय की नहीं है. मत लगाना."

मी गॅस बारीक केला आणि तो परत वाचला. केबल सप्लायच्या खाचेत नीट बसत होती. मी स्वतः बसवून पाहिली होती, कट् असा आवाजही आला होता. तसं मी लिहिलं. बाई म्हणाल्या, बसते म्हणून बरोबर असं नाही. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या भोकात कुठली तार हे प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं ठरवते. दुसऱ्या कंपनीची केबल बसेल आणि डिस्क जाळेल. फोटोवरून शंका आहे, खात्री करायला सप्लाय इकडे पाठवा.

इथे बाबा उठूनच उभे राहिले. "आता पेटी पायजे तिले! वायरी इकाच्या हायेत तर जुन्या वायरी खराब हाये म्हननारच ना? आन् तुहा भाऊ काय परका हाये? त्यानं दिलेली वस्तू खोटी, आन् जिचं तोंड पाह्यलं नाही तिचं खरं?"

मामेभाऊ लहानपणी सुट्टीत आमच्याकडे राहिलेला, माझ्या ताटात जेवलेला. पण त्या डिस्कवर माझं तीन महिन्यांचं काम होतं. लॅपटॉपमधली डिस्कच काढून मी नव्या डब्यात बसवणार होते. शेवटी बाबाच म्हणाले, "पाठवाची नाही. आपन घेऊन जाऊ. डोळ्यासमोर मोजीन तर मोजू दे."

पहाटेच्या बसनं निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत सप्लाय, डबा, केबली आणि बाबांचा खाकी कापडात गुंडाळलेला मीटर. उटनूरला चहा घेतला. जन्नारमच्या जंगलातून बस जाताना बाबा झोपले, पण पिशवीचा बंद त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. मंचेरियलला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे एका गल्लीत घर सापडलं. दाराला जाळी होती. आतून तिशीतली एक बाई आली, केस वर बांधलेले, कानामागे पेन. आम्ही कोण ते सांगितलं तरी जाळी उघडली नाही.

"आधी सप्लाय दाखवा," ती तेलुगूत म्हणाली.

बाबांनी पिशवी छातीशी धरली. "आधी तुमी दार उघडा."

दोघं तसेच उभे. मला घामानं आणि लाजेनं नकोसं झालं. मी पिशवीतून सप्लाय काढून लेबल जाळीला लावलं. तिनं ते मोबाइलमधल्या माझ्या फोटोशी ताडून पाहिलं, मग कडी काढली. "कूर्चोंडी," म्हणाली, बसा. "मागे एक जण भांडायला आला होता. त्यानं फोटो एका सप्लायचा पाठवला आणि वापरला दुसरा."

खोलीत एक मेज, त्यावर तारांची रिळं, पिना दाबायची पक्कड, डब्यांमध्ये सोंगट्यांसारखे काळे प्लग. आधी आमच्या केबलींची पिशवी घेऊन ती आतल्या खोलीत गेली, टेबलदिवा आणला आणि मग बसली. सप्लाय एकटाच चालू व्हावा म्हणून तिनं स्वतःची केबल त्याला लावून हिरव्या तारेला काळी जोडली, तसा सप्लायचा पंखा फिरला. मग आमची डिस्कची केबल त्याच सप्लायला लावली. दुसरं टोक मोकळं ठेवलं आणि मीटर उचलला.

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी खाकी कापड सोडलं. "आमच्या मीटरनं."

तिनं हात मागे घेतला. "अवश्य. लाल तारेवर पाच व्होल्ट यायला हवेत, पिवळीवर बारा."

बाबांनी काळी सुई काळीवर धरली, लाल सुई लालवर. आकडा आला, बारा.

त्यांनी सुया उचलल्या, टोकं धोतराला पुसली आणि पुन्हा लावल्या. बारा. मग तिच्या मीटरनं मोजलं. त्यावरही बारा.

"पाचाच्या जागी बारा," ती म्हणाली. आवाजात विजय वगैरे काही नव्हता. "डिस्क लावली असती तर तिथेच संपली असती. बाकीच्या केबली याच सप्लायच्या आहेत. हीच तेवढी दुसरीकडची."

माझ्या डोळ्यासमोर नेरडीगोंड्याच्या शेतांचे बांध आले, एकेक करून ओढलेले. घरी एके संध्याकाळी ती केबल डिस्कला लावायला मी हात पुढे केला होता, आणि झाकण लागणार नाही म्हणून कंटाळून सोडून दिलं होतं.

"तुमी एवढं इचारता काऊन?" बाबांनी एकदम मराठीतच विचारलं, मग भानावर येऊन तेलुगूत.

ती रिळावरची तार सरळ करत राहिली. "एकदा विचारलं नव्हतं. माझ्या भावाचाच कॉम्प्युटर होता. त्यानं सांगितलं हाच सप्लाय, मी मानलं. धूर आला." मग म्हणाली, "तो अजून म्हणतो माझी काही चूक नव्हती. पण केबल मीच बनवली होती ना."

मग केबली निवडायचं काम निघालं. मी मेसेजमध्ये मेंदी रंगाच्या, वरून विणलेल्या केबली पसंत केल्या होत्या. तिनं त्यांचा तुकडा माझ्या हातात दिला. सुंदर होता, पण वाकत नव्हता. एवढ्याशा डब्यात हे विणकामच अर्धी जागा खाईल, ती म्हणाली. वरून साधं मऊ वेष्टण असलेली तार घ्या. बाबांनी त्या मऊ तारेचा तुकडा मागून घेतला, खिशातलं ब्लेड काढलं, वेष्टण सोललं आणि आतल्या बारीक तारा खरवडल्या. कधीकधी वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम निघतं. ती शांतपणे बघत होती. आतून लाल तांबंच निघालं. बाबा आतली एकेक तार मोजू लागले तशी ती म्हणाली, "मी पाणी आणते, तोवर मोजून होईल."

रंगावरून मात्र बाबा अडले. तिच्याकडे बहुतेक जण सगळ्या काळ्या तारा मागतात, दिसायला बरं म्हणून. "साऱ्या एका रंगाच्या? मंग उद्या वळखाच्या कशा?" शेवटी लाल, पिवळी, काळी, जशी असते तशी ठरली. ती म्हणाली, तिलाही तशाच आवडतात, पण कुणी मागत नाही. आमचा डबा उघडून तिनं स्वतःची सुतळी टाकली. अठराच्या जागी साडेसतरा भरले. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तुमचंच लिहा."

परतीच्या बसमध्ये मी मामेभावाला फोन केला आणि मोजलेलं सगळं सांगितलं.

"असं कसं होईन ताई?" तो म्हणाला. "मी सोता पिशवीत भरल्या." मग लगेच, "तिनं बदलली असीन. पिशवी तिच्या हातात दिली होती का?"

दिली होती. ती दिवा आणायला आत गेली तेव्हा पिशवी तिच्याच हातात होती. मी बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा झाला. उटनूर येईपर्यंत मी तोच मिनिटभराचा काळ मनात फिरवत बसले. कशाला बदलेल? आपल्या केबली खपाव्यात म्हणून? मग बारा दाखवायचं नाटक? इतकं सोज्वळ बोलणं खरं असतं का? जिनं माझी डिस्क वाचवली तिच्याविषयी मी हे सगळं मनात आणलं, आणि तेही इतक्या सहज.

घरी आल्यावर बाबांनीच तोडगा काढला. "तू फोटो पाठवले होते ना जायच्या आधी? काढ."

फोटो आमच्याच ओट्यावर काढलेले होते, खाली फरशीची नक्षी दिसत होती. आम्ही केबल तशीच धरली, खाच वर. भोकांमधल्या तारांचा क्रम तोच. वेष्टणावर एका जागी पांढरा ओरखडा होता, तोही त्याच जागी. केबल बदललेली नव्हती. नागपूरहून आली तीच होती.

मामेभावाला मी तो फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर चार दिवसांनी आलं, "दुकानात दोन सप्लाय उघडे होते, मिसळ झाली असीन." त्याच्यापुढे नमस्काराचं चित्र. चूक झाली, असा शब्द नव्हता. मिसळ झाली हे त्याला आधीपासून माहीत होतं की फोटो बघितल्यावर आठवलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या बाईचं नाव त्यानं किती पटकन घेतलं, हे मात्र विसरता येत नाही.

नव्या केबली काही दिवसांनी बसच्या पार्सलनं आल्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, त्यावर कुठलं टोक कुठे आणि कुठल्या तारेवर किती हे तेलुगूत लिहिलेलं. बाबांनी तरी एकेक टोक मोजलं. दुपार गेली त्यात. शेवटची तार मोजून झाल्यावर मीटर बंद करत ते म्हणाले, "लाव आता." मी डिस्क लावली. झाकण बोटानं दाबताच बसलं. बटण दाबलं तेव्हा बाबा भिंतीतल्या स्विचवर हात ठेवून उभे होते. स्क्रीनवर माझे नकाशे उघडले, सगळे.

मी बाईंना मेसेज केला, चालू झालं. त्यांचं उत्तर आलं, "पुरानी वाली काट के फेंको. किसी को मत देना." बाबांनी ती केबल तीन जागी कापली.

आता तो डबा माझ्यासोबत नेरडीगोंड्याला जातो-येतो. गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, त्याच्याकडे एक चांगला स्क्रीन आला आहे, पाठवून देऊ का म्हणून. मी म्हटलं, पाठवू नको, मी येऊन चालवून पाहीन. तो म्हणाला, "तुही मर्जी, ताई," आणि मामीची तब्येत सांगायला लागला.