भाऊजींचं थकीत बटण

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील. मी चौथीपर्यंतच शिकले, माफ करावं. माझे दीर मात्र इंजिनियर आहेत.

आमच्या बचत गटाची वेबसाइट त्यांनीच केली. 'थकीत' बटण दाबलं की फक्त हप्ते चुकवणाऱ्या बायांची नावं यायला हवीत. विहारातल्या बैठकीत त्यांनी ते दाबलं आणि माझं नाव आलं. शिलाई मशीनच्या कर्जाचा मी एकही हप्ता चुकवला नव्हता.

"वहिनी, कायले लपवता? कंप्युटर खोटं नाही बोलत," ते म्हणाले.

"मंग तुले पुढचं कर्ज भेटत नाही," अध्यक्षबाईंनी सांगून टाकलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मान खाली घातली.

तेवढ्यात एक बाई हसली. "अध्यक्षबाई, खाली तुमचंबी नाव हाये!"

तेव्हा कुठे कंप्युटर खोटं बोलू लागला.

घरी भाऊजींना चूक सापडली. चालू, थकीत, फिटलेलं अशा कर्जाच्या प्रत्येक स्थितीला आत एक आकडा असतो. 'मंजूर' ही नवी स्थिती सुरुवातीला घालून त्यांनी सगळे आकडे पुढे सरकवले, पण बटणामागच्या शोधात हाताने लिहिलेला जुना आकडाच राहिला, आणि तो आता 'चालू'चा झाला होता. म्हणून 'चालू' कर्जवाल्या साऱ्या थकीत झाल्या. आता प्रत्येक स्थितीच्या नावावरून तिचा शोध आपोआप तयार होतो.

"हे आधी काहून नाही केलं?" मी विचारलं.

"घाई होती, वहिनी."

माफी मागायची घाई त्यांना अजून झालेली नाही. मागच्या महिन्यात मी शेवटचा हप्ता भरला. परवा त्यांनी 'फिटलेलं' बटण दाबून माझं नाव कौतुकाने दाखवलं. मी शिवणावरून नजर उचलली नाही. कर्ज पूर्ण फिटलं, हे मला ठाऊकच होतं.