खंडेनवमीचं कुंकू

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, रोज सकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

लोक मला भला माणूस समजतात, बरं का. शिक्षकांचं तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण असलं की अजूनही मला बोलावणं येतं. टॅब हातात धरायचा, त्याचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवायचा, बोट कुठं ठेवायचं ते समजावायचं. टाळ्या पडतात. पण त्या भिंतीपुढं उभं राहायचा हक्क माझा नव्हताच. तो साळवे बाईंचा होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात पहिला कॉम्प्युटर आला. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. काय थाट त्याचा! वर कापडाची खोळ, खोलीबाहेर चपला काढायच्या, हात पुसून आत यायचं. आसपासच्या गावांतले शिक्षक शिकायला यायचे. मशीन एकच, मग सगळे स्क्रीनभोवती कोंडाळं करून उभे, आणि मी बटणं दाबून दाखवतोय. खरं सांगू? मलाही फारसं येत नव्हतं. पाठ केलेलं दाखवायचो.

साळवे बाई एका आडगावच्या शाळेतून एसटीनं यायच्या. बाकीचे हाताची घडी घालून बघायचे, बाई म्हणायच्या, "सर, मी करून बघू का?" त्यांना ते आवडायचं — अगदी मनापासून. नगरच्या पुढच्या प्रशिक्षणाला आमच्याकडून एकजण जाणार होता, आणि परतल्यावर तालुक्यातल्या शिक्षकांना तोच शिकवणार होता. मी हेडमास्तरांना बाईंचं नाव सुचवलं. बाईंना ते कळलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

मग खंडेनवमी आली, नेमकी आमच्या वर्गाच्या दिवशी. आपल्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा — मग कॉम्प्युटर कसा सुटणार? पूजा मीच केली. बाई बौद्ध; त्या दाराशी शांत उभ्या राहिल्या, हात जोडले नाहीत. माझं त्याला काहीच म्हणणं नव्हतं. मी आपला माझ्याच उत्साहात. गुऱ्हाळाच्या चरकाला तोंडाशी कुंकू लावतात ना, तसं मी ज्या फटीतून फ्लॉपी, म्हणजे ती पातळ चौकोनी तबकडी, आत जाते तिथंच चिमूटभर कुंकू सोडलं. वर अक्षता. शहाणा ना मी!

दसरा झाला आणि पुन्हा सगळे जमले. फ्लॉपी घातल्याशिवाय ते मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हटलं, आज बाईंच्या हातून सुरू करू. त्यांनी फ्लॉपी घातली, खटका दाबला. आतून खरखर आवाज आला — आणि काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी उमटलं. पुढं काहीच होईना. मी फ्लॉपी बाहेर ओढली. तिच्या कडेला लाल लागलं होतं.

कळलं हो मला! त्याच क्षणी कळलं. मी काय केलं? फ्लॉपी पँटला पुसली आणि म्हणालो, "बाई, उलटी घातलीत तुम्ही."

एवढंच वाक्य. पण हेडमास्तर तिथंच होते. "बगा! पूजेला लांब उभ्या ऱ्हायल्या, अन् मशिनला बरूबर हात घातला!" कुणीतरी हसलं. बाईंची मान खाली गेली. माझ्या पूजेनं बिघडलेलं मशीन, आणि पूजा न करणाऱ्या बाईंवर खापर! मी नुसती मान हलवायची होती, ‘नाही’ म्हणून. तेवढीही हलली नाही.

सगळे डबे खायला गेल्यावर मी दार लावून घेतलं. पुठ्ठ्याच्या कपट्यानं फट साफ केली. कुंकू निघालं, तांदळाचा दाणा निघाला. दुसऱ्या फ्लॉपीवर मशीन चालू झालं आणि हेडमास्तरांनी सगळ्यांपुढं माझी पाठ थोपटली. बाईंचं नाव तिथल्या तिथं कापलं गेलं. "तुमीच जा," ते मला म्हणाले. मी गेलो.

पण यापेक्षाही वाईट पुढंच आहे. त्या संध्याकाळी स्टँडवर बाई माझ्याजवळ आल्या. "सर, माझं नेमकं काय चुकलं, दाखवता का? मला वाटलं, मी सुलटीच घातली होती." सुलटीच घातली होती त्यांनी! मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, नाही, उलटी होती, मी डोळ्यांनी पाहिली. बाईंनी आपल्याच हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग चुकलंच असेल." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिलं. नंतर त्यांच्या शाळेतही कॉम्प्युटर आला म्हणे. बाई त्या खोलीत कधी गेल्या नाहीत.

परवाच्या टॅबच्या प्रशिक्षणात बाई आल्या होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. मी भिंतीवर दाखवून झाल्यावर टॅब सगळ्यांच्या हाती फिरवायला दिला. बाईंपाशी आला तसे त्यांनी हात पदराखाली घेतले. "मला नको सर. माझं तुम्हाला ठाऊकच आहे." तरुण पोरी मागं लागल्या, काय ठाऊक आहे, सांगा ना. तर बाईंनीच हसत हसत सांगितलं — आपण फ्लॉपी उलटी घालून तालुक्यातला पहिला कॉम्प्युटर कसा बिघडवला ते. आणि शेवटी म्हणाल्या, "पण सर तेव्हा एका शब्दानं रागावले नाहीत मला."

पोरींनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी बाईंच्या पुढ्यातला टॅब उचलला आणि शेजारणीच्या हातात दिला.