मागच्या रांगेतली डिस्को

कॅसेट अर्ध्यावर दिसली की ती सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवायची, ही आमच्या घरची शिस्त. वडिलांनी लावलेली एवढी एकच शिस्त माझ्या अंगी बाणली, आणि नेमकी तीच मी नको तिथे पाळली. नववीच्या गॅदरिंगला, आमचा डान्स सुरू व्हायच्या जरा आधी, डिस्कोनं माझ्या हातात कॅसेट दिली आणि बजावलं, "हाय तशी स्पीकरवाल्याला दे. हात लावू नको." मी बघितलं तर फीत अर्ध्यावर. म्हटलं, किती ही वेंधळी! पेन्सिल घातली आणि गरागरा फिरवून आणली पहिल्यापासून. आज माझी पोरं मला हुशार समजतात. समजू देत बापडी.

डिस्को हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण हजेरी घेताना बाईसुद्धा कधी चुकून तेच म्हणायच्या. मूळची हुपरीची, वडील, म्हणजे तिचे आण्णा, चांदीच्या कामातले. कोल्हापुरात मामाकडं राहून शिकायची. मामेभावाचा मिरवणुकांना स्पीकर द्यायचा धंदा होता. नव्वदचं दशक ते. गल्लीत मिरवणूक आली की पोरं स्पीकरच्या भिंतीपुढं बेभान नाचायची आणि आम्ही मुली गॅलरीत सभ्यपणे उभ्या राहून कठड्याआड पाय हलवायचो. डिस्कोच्या घरी मात्र ती भिंतच परसात उभी असायची. दुरुस्त झालेला स्पीकर तपासायचं काम भावानं तिच्यावर सोपवलं होतं. ती पुढं उभी राहून नाचून बघायची आणि सांगायची, "डाव्या अंगाचा अजून बसकाच हाय."

तिला माणसं चालीवरून कळत. हेडसर बँडच्या तालावर चालतात, शिवणाच्या बाईंची चाल रडक्या गाण्याची, असं तिचं मत. माझी चाल तिनं बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "तुझं दोन पाय म्हंजे वाटणीवरनं भांडल्यालं भाऊ हाईत बघ. एकमेकाशी बोलतच न्हाईत." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. मग डान्सची प्रॅक्टिस सुरू झाली आणि अक्कल आली.

आमच्या वर्गात मान होता तो वंदीच्या ग्रुपला. वंदीकडं स्वतःचा टेपरेकॉर्डर होता आणि गॅदरिंगच्या डान्समध्ये कोण असणार, हे तीच ठरवायची. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याभोवती जागा मिळाली की समजायचं, आपण कुणीतरी आहोत. मला ती मिळाली होती. मोबदल्यात मी तिची पाण्याची बाटली घेऊन फिरायचे आणि त्याला मैत्री म्हणायचे. डिस्कोला वंदीनं डान्समध्ये घेतलं, कारण गाणी जोडून कॅसेट तीच करणार होती आणि स्टेप्सही तीच शिकवणार होती. डब्याला मात्र कुणी बोलावलं नाही. शिकवताना ती एकच वाक्य म्हणायची, "आधी ऐक की गं, मग हल." आणि सगळ्यांना शिकवून झालं की मागच्या रांगेत, कडेला जाऊन उभी राहायची.

मी एकदा विचारलं, "तू पुढं का येत नाहीस?"

"आण्णांनी तेवढंच कबूल केलंय. मागं, घोळक्यात. पुढं एकटी दिसलो तर शाळा बंद." मग हसून म्हणाली, "राहू दे की. डान्स चांगला झाला तर वंदी डब्याला तरी बोलवंल न्हवं?"

तर ती कॅसेट. तिच्या सुरुवातीला भावानं स्पीकर तपासायला भरलेली हलगी होती आणि आमचं गाणं तिच्यानंतर. पडदा वर गेला आणि कडाडून हलगी सुरू झाली. वंदी पुतळ्यासारखी उभी. मी हात वर केलेला तसाच. समोर हशा पिकायला लागला. स्पीकरवाला बंद करायला धावला, तेवढ्यात मागच्या रांगेतून डिस्को पुढं आली. हातानंच त्याला 'राहू दे' म्हणाली आणि नाचायला लागली.

काय नाचली! हलगी चढत गेली तशी चढत गेली. हशा कधी थांबला कळलं नाही. दहावीच्या पोरांनी टोप्या उडवल्या, हेडसरांचा पाय हलताना मी स्वतः पाहिला. हलगी संपली, आमचं गाणं सुरू झालं, आणि ती गुपचूप मागच्या रांगेत आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पुढचा डान्स कुणी बघितला नसेल.

पडद्यामागं तिचे आण्णा उभे होते. हुपरीहून मुद्दाम आलेले. आरडाओरडा नाही, काही नाही. "चल," एवढंच म्हणाले. तिनं डान्ससाठी घेतलेली माझी ओढणी काढून घडी करून माझ्या हातात दिली आणि त्यांच्यामागनं गेली. सोमवारी ती शाळेत आली नाही. नंतरही नाही.

शाळेत पुढं वर्षभर दुसरा विषय नव्हता. तिची गिरकी मुलं पटांगणात घ्यायची आणि पडायची. "डिस्को आमच्यातलीच," असं वंदी ठासून सांगायची, डब्याशी तिच्यासाठी जागासुद्धा सोडायची. मीही कमी नाही. 'कॅसेट मीच नेऊन दिली' म्हणून मिरवून घेतलं. पेन्सिलीचं तेवढं गाळलं.

त्यानंतर ती दिसली थेट दोन हजार सालानंतर. धाकट्या लेकीला पैंजण घ्यायला हुपरीला गेले होते. एका घरात चार बाया घुंगरं जोडत बसल्या होत्या. त्यातली एक मान वर न करताच म्हणाली, "ह्या पायांची वाटणी अजून मिटल्याली दिसत न्हाय." मी तिथंच तिच्याशेजारी बसले.

चहा झाला. मग मी एकदाचं पेन्सिलीचं सांगून टाकलं.

"व्हय? मला वाटायचं, कॅसेट लावून ठेवताना माझंच चुकलं."

तिनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. आत सासूबाई होत्या, म्हणून आवाज बारीक केला.

"आण्णांनी मारलं न्हाय गं. पण त्या दिवसाचं नाव घरात परत कुणी काढलंच न्हाय. तू हुतीस की तिथं. खरं सांग, मी कशी नाचलो?"